चौसष्ट वर्षांचं एक वर्ष

ऐका हं. पाय आत घ्या, पांघरूण नीट ओढून घ्या, आणि मधे मधे प्रश्न विचारू नका. विचारलेत तरी चालेल म्हणा, पण एका वेळी एकानंच.

तर फार लांब, आपल्या आभाळाच्याही पलीकडच्या आभाळात, एक सूर्य होता. त्याच्याभोवती तीन जगं फिरायची. सगळ्यात जवळचं होतं चटका. मधलं होतं मळई. आणि अगदी लांब, जिथून सूर्य हरभऱ्याएवढा दिसायचा, तिथं होतं गारठा. दिवस तिन्हीकडे सारखाच असायचा बरं का, आपल्यासारखाच. वर्ष मात्र सारखं नव्हतं. ते कसं, ते पुढं कळेलच.

सगळ्या मळईवर एकच राजा होता. त्याच्या राज्यात द्वारका नावाची एक बाई राहायची. तिचं काम काय, तर सावली मोजायची. गावाबाहेरच्या माळावर एक उंच खांब पुरलेला होता. रोज भर दुपारी द्वारका तिथं जायची, खांबाची सावली कुठवर पडलीय ते बघायची आणि जमिनीवर एक खूण करायची. हिवाळ्यात सावल्या लांब होतात आणि उन्हाळ्यात आखूड, हे तुम्ही पाहिलंय ना? तसंच. मळईवर ती सावली रोज एक बोट सरकायची. लांब लांब जायची, मग मागं फिरायची, आखूड व्हायची, पुन्हा वळायची, आणि तीनशे साठ दिवसांनी पहिल्या खुणेवर परत यायची. म्हणजे काय झालं? मळईनं सूर्याभोवती एक फेरी पुरी केली. मग द्वारका नगारा वाजवायची आणि सांगायची, वर्ष झालं. लोक तिच्या नगाऱ्यावर बी पेरायचे.

द्वारकेला एक मुलगी होती. तिचं नाव तुंगा. दहा वर्षांची. बाप ती पाळण्यात असतानाच गेलेला, त्यामुळं घरात ह्या दोघीच. आणि ही तुंगा, तिला स्वस्थ बसणं म्हणून माहीत नव्हतं. जेवताना दोनदा उठायची. वेणी घालताना मान इकडे तिकडे. माळावर आई सावली बघत असली की ही खांबाभोवती गोल गोल फिरत विचारायची, "आई, झालं का वर्ष? अजून किती राहिलं?" आई म्हणायची, "सावलीला घाई नसते गं. तू थकशील, ती थकायची नाही."

आता त्या वर्षी काय झालं, राजाला त्याच्या मुलाला युवराज करायचं होतं. वर्षाच्या पहिल्या दिवशी. पाहुणे लवकर येऊन बसले, मांडव पडला, आचारी आले, आणि वर्ष संपायला अजून तेवीस दिवस बाकी. राजाही तुंगेसारखाच, वाट बघणं त्याला जमायचं नाही. तीन दिवस तो महालात येरझारा घालत राहिला. मग त्यानं द्वारकेला बोलावणं पाठवलं.

"द्वारकाबाई, उद्या नगारा वाजवा. वर्ष झालं म्हणून सांगा."

"महाराज, सावली अजून वीस बोटं लांब आहे."

"वीस बोटांनी काय बिघडतंय?"

"लोक माझ्या नगाऱ्यावर बी टाकतात. वीस दिवस आधी टाकलं तर जमीन कोरडी असेल. सगळं जळून जाईल."

पाहुण्यांसमोर नाही म्हटलेलं राजाला लागलं. त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर. तो म्हणाला, "मग एक वर्ष माझ्या राज्याबाहेर राहा. बघू तुमच्यावाचून काय अडतं ते."

असं म्हणून तो आत निघून गेला. कागद लिहायचं काम आलं गुंडोपंत कारभाऱ्याकडे. ह्या गुंडोपंताला आपल्या भाच्याला द्वारकेच्या जागी बसवायचं होतं. वर्षभरासाठी नाही, कायमचं. त्यानं कागद लिहिला. राजा जे बोलला तेच लिहिलं, फक्त एक शब्द जास्तीचा घातला. 'द्वारकेनं राज्याबाहेर राहावं, आणि तिथलं एक वर्ष पुरं झालं की परत यावं.' तिथलं. एवढाच शब्द. राजानं न वाचता शिक्का मारला.

आता एका जगातून दुसऱ्या जगात जायचं कसं? तर डोंगराच्या टोकावर एक धक्का होता. समुद्राचा नव्हे, आभाळाचा. तिथं धर्मा तांडेलाची होडी लागायची. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. म्हातारा होता, पांढऱ्या भुवयांचा. त्याच्या होडीचं शीड उन्हानं फुगायचं. गुंडोपंतानं कागद त्याच्या हातात दिला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "गारठ्यावर सोड."

द्वारकेनं तुंगेला जवळ घेतलं. "मावशीकडे राहा. तीनशे साठ दिवस. रोज माळावर जा, खूण कर. तुझ्या पहिल्या खुणेवर सावली आली की मी आले."

होडी सुटली. तुंगा डोंगरावरून खाली पळत आली, पुन्हा वर पळत गेली, आणि परत खाली. काय करावं ते तिला सुचेना.

दुसऱ्याच दिवशी गुंडोपंताच्या भाच्यानं नगारा वाजवला. राजाचा मुलगा युवराज झाला. जेवणावळी उठल्या. लोकांनी बी पेरलं, आणि ते कोरड्या जमिनीत जळून गेलं. दुसऱ्यांदा पेरायला बी पुरेना. त्या वर्षी लोकांनी एक वेळ जेवून दिवस काढले. राजाच्या कानावर ते गेलं, आणि तो मनातून खजील झाला, पण बोलला नाही. राजे लोक पटकन बोलत नाहीत.

तुंगा मावशीकडे राहिली. भीमामावशी मायेची होती. पण पोरीचं कशात लक्ष लागेल? सकाळी उठली की दुपार कधी होते. दुपार झाली की माळावर पळायची. सावली बोटभरच हललेली. मग घरी येऊन दारात बसायची, पुन्हा उठायची. अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर. मावशी म्हणायची, "अगं, तू वळवळलीस म्हणून वर्ष लवकर संपणार आहे का?" तुंगा म्हणायची, "मला माहितीय. पण मला राहवत नाही."

असे तीनशे साठ दिवस गेले. सावली बरोबर खुणेवर आली. तुंगा धापा टाकत डोंगर चढली आणि धक्क्यावर उभी राहिली. संध्याकाळी होडी लागली. होडीत धर्मा तांडेल एकटाच. तिनं शिडामागं बघितलं. फळीखाली बघितलं.

"तांडेलकाका, आई कुठंय?"

"तिथलं वर्ष व्हायचंय, पोरी."

"झालं की. मी रोज मोजलंय."

"ते इथलं झालं. कागदात तिथलं लिहिलंय."

"मग तिथलं कधी होणार?"

तांडेल खाली बघत म्हणाला, "अजून त्रेसष्ट वर्षांनी."

तुंगेला आधी वाटलं तो थट्टा करतोय. मग तिनं त्याचा चेहरा बघितला आणि ती मटकन खाली बसली. वर्षभरात पहिल्यांदाच ती हलली नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "असं कसं होईल?"

तांडेल तिच्याशेजारी टेकला. म्हणाला, "गारठा सूर्यापासून आपल्यापेक्षा सोळा पट लांब आहे. म्हणजे त्याची फेरीची वाट सोळा पट लांब. कळतंय?"

"मग सोळा वर्षं लागतील. चौसष्ट कशी?"

"ऐक. वाट लांब आहे आणि त्यात त्याची चालही मंद आहे. मी होडी हाकतो ना, मला हाताला कळतं. चटक्यापाशी गेलं की सूर्य अशी ओढ लावतो की शीड आवरत नाही. तिथल्या जगाला पळत राहावंच लागतं, नाहीतर ते सूर्यात जाऊन पडेल. आपण मळईवाले मधले. आणि गारठ्यापर्यंत ती ओढ पोचते ती कशीबशी. तिथं जोरात पळालं तर ते जग निसटूनच जाईल. म्हणून ते रमतगमत चालतं, आपल्या पाव वेगानं. सोळा पट वाट आणि चौपट वेळ. सोळा चोक किती?"

तुंगेला पाढे येत होते. चौसष्टच होत होते.

थांब रे, तू काय विचारतोयस? आपल्याकडे असं असतं का? असतं तर. आपल्या सूर्याच्या अगदी जवळ बुध फिरतो ना, त्याचं वर्ष अठ्ठ्याऐंशी दिवसांत संपतं. आणि शनी लांब आहे, त्याला आपली एकोणतीस वर्षं पुरत नाहीत. जितकं लांब तितकं वर्ष मोठं. आता पाय हलवू नकोस, बहिणीला लागतोय.

मग तुंगा धावत राजाकडे गेली. पहारेकऱ्यांच्या हाताखालून आत शिरली आणि राजापुढं उभी राहिली. "महाराज, तुम्ही एक वर्ष म्हणाला होता. माझ्या आईला चौसष्ट वर्षं पाठवलंय."

राजा चकित झाला. त्यानं कागदाची नक्कल मागवली. वाचली. तो एक शब्द त्याला दिसला. त्यानं गुंडोपंताकडे बघितलं, आणि गुंडोपंत जमिनीकडे बघायला लागला.

राजानं लगेच दुसरा कागद लिहिला आणि स्वतः डोंगर चढून धक्क्यावर आला. पण धर्मा तांडेलानं हात जोडले. "महाराज, ह्या होडीचा एक नियम आहे. एकदा कागद हातात घेतला की तो पुरा होईपर्यंत त्या माणसासाठी दुसरा कागद घ्यायचा नाही. मग तो कुणाचाही असो. नियम मोडला तर शिडात ऊन भरत नाही. माझ्या आज्यानं एकदा मोडला होता. सात वर्षं होडी जागची हलली नव्हती."

राजा धक्क्याच्या दगडावर बसून राहिला. म्हणाला, "मुली, मी वाचायला हवं होतं."

तुंगा म्हणाली, "तांडेलकाका, मला तिच्याकडे न्या. माझ्यासाठी कागद लागतो का?"

"आपणहून येणाऱ्याला कागद लागत नाही."

मग ती होडीत बसली. बसली म्हणजे काय, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहिली. मागं सूर्य लहान लहान होत गेला. आधी ताटाएवढा, मग वाटीएवढा, मग लिंबाएवढा. थंडी वाढली. तांडेलानं तिला घोंगडी दिली. नवव्या दिवशी गारठा आलं.

गारठ्यावर सगळं निळसर होतं. बर्फ, बर्फाची घरं, आणि जाड कातडी घातलेली माणसं. कुणालाच घाई नाही. बोलायला लागली तर एका वाक्यात दोनदा थांबायची. वाटेत एक पांढऱ्या दाढीचे आजोबा बसले होते. तुंगेनं विचारलं, "आजोबा, माझी आई कुठं राहते?"

ते म्हणाले, "बस. सांगतो. पुढच्या महिन्यात माझा पहिला वाढदिवस आहे. जेवायला ये."

"पहिला?"

"हो. अजून वर्षाचा व्हायचोय."

बघा, दाढी पोटापर्यंत आणि अजून एक वर्ष पुरं नाही. तुम्ही हसताय, पण तुंगेला हसू आलं नाही. आजोबांनी बोट दाखवलं तिकडं ती पळाली.

शेवटच्या घरात द्वारका होती. ती वाळली होती. बोटं सुजली होती, ओठ फुटले होते, केसात बर्फाचे कण. तिनं तुंगेला बघितलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग तिनं तिला घरामागं नेलं. तिथं बर्फात एक काठी रोवलेली होती आणि तिच्यापुढं खुणा केलेल्या. अगदी थोड्या.

"मळईवर सावली रोज एक बोट सरकते," द्वारका म्हणाली. "इथं आल्यावर पहिल्या दिवशी बघितली, दुसऱ्या दिवशी बघितली, हललीच नाही. मला वाटलं माझे डोळे बिघडले. दोन महिन्यांनी ती बोटभर सरकली, तेव्हा मला कळलं की मला किती दिवसांसाठी पाठवलंय."

"मग तू काय केलंस?"

"आधी रडले. मग खूण केली."

त्या दिवशी तुंगा घरात येरझारा घालत राहिली. आई म्हणाली बस, ती बसली नाही. आई म्हणाली खा, तिनं दोन घास खाल्ले आणि उठली. आई म्हणाली, "तुंगे, तू परत जा. मावशी आहे, माळ आहे, माझी जागा तू घे. मी इथं आहे एवढं तुला माहीत असलं की पुरे."

"मला पुरे नाही," तुंगा म्हणाली. आणि ती बाहेर पळाली, तांडेलाकडे. "काका, तो कागद दाखवा."

तांडेलाकडे वेळूची नळी होती, तिच्यात कागद ठेवलेला. तुंगेनं तो एकदा वाचला. काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा वाचला. 'तिथलं' हा शब्द तिच्या डोळ्यांत खुपत राहिला. मग ती बर्फात गोल गोल चालली, परत आली आणि तिसऱ्यांदा वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवून.

"काका, ह्यात गारठ्याचं नाव कुठंय?"

तांडेलानं कागद घेतला. भुवया वर केल्या. "नाव नाही."

"राज्याबाहेर राहावं, एवढंच आहे. चटका राज्याबाहेर आहे ना?"

"आहे."

"चटक्याचं वर्ष केवढं?"

तांडेलानं बोटं मोजली. "अंतर आपल्या पाव. म्हणजे वाट पाव. आणि चाल आपल्या दुप्पट. म्हणजे आपल्या वर्षाचा आठवा हिस्सा. पंचेचाळीस दिवस." मग तो थांबला. "पण मला गारठ्यावर सोड म्हणून सांगितलं होतं."

"तोंडी सांगितलं होतं. तुमची होडी तोंडी चालते की कागदावर?"

म्हाताऱ्यानं कागद पुन्हा नळीत ठेवला. मग म्हणाला, "कागदावर." आणि तो शीड सोडायला उठला. "एक लक्षात ठेव, पोरी. तिथलं वर्ष अख्खं पुरं व्हायला हवं. मधेच निघालात तर मोजणी पहिल्यापासून."

गारठ्यावरून चटक्याकडे जायचं म्हणजे सूर्याकडे तोंड. सूर्य वाढत गेला. घोंगड्या काढल्या, मग डोकी झाकली, मग ओली फडकी तोंडावर घेतली. तुंगेला वाटायचं, कधी एकदा पोचतो. द्वारका मात्र होडीच्या तळाशी पडून होती. इतकी थंडी सोसलेल्या अंगाला ती ऊब आधी बरी वाटली, मग झेपेना.

चटक्यावरची माणसं जमिनीखाली भुयारांत राहायची. पहाटे आणि संध्याकाळी तेवढी बाहेर यायची. आणि काय त्यांची लगबग. भराभरा बोलायची, भराभरा चालायची, दर दीड महिन्याला त्यांचं नवं वर्ष, त्यामुळं दारावरचं तोरण उतरवायलाच वेळ मिळायचा नाही. तुंगेएवढीच एक मुलगी त्यांना घ्यायला आली. तिचं नाव रेवू.

"तू किती वर्षांची?" तुंगेनं विचारलं.

"ऐंशी झाली. तू?"

"दहा." मग तिला आठवलं. "नाही, आता अकरा."

"मग तू अगदीच तान्ही," रेवू म्हणाली आणि तिनं तिचा हात धरून जिना उतरवला.

द्वारकेनं पहिल्याच दुपारी, डोक्यावर ओलं फडकं घेऊन, भुयाराच्या तोंडाशी एक काठी रोवली आणि सावलीच्या टोकाशी दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी सावली दोन मुठी सरकलेली. तिसऱ्या दिवशी अजून दोन मुठी. तुंगा टाळ्या वाजवून नाचली. तिच्या आयुष्यात एवढी धावणारी सावली तिनं बघितली नव्हती. आता कशाला चिंता, तिला वाटलं. पंचेचाळीस दिवस म्हणजे काय.

पण विसाव्या दिवशी द्वारकेला ताप भरला. तिसाव्या दिवशी ती उठेना. रेवूची आई गार मातीचा लेप लावायची, कसलंसं मूळ उगाळून चाटवायची. ती म्हणायची, "हिला उन्हापासून लांब न्या." पण न्यायचं कसं? तुंगा भुयारात चालत राहायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. रोज दुपारी स्वतः वर जाऊन सावली बघायची. पाय पोळायचे. खाली येऊन आईच्या कपाळाला हात लावायची. पुन्हा चालायची. तिला झोप लागायची नाही, आणि लागली तर स्वप्नातही ती मोजत असायची.

बेचाळिसाव्या दिवशी द्वारकेनं डोळे उघडले नाहीत.

तांडेल खाली आला. "तुंगे, सावली बघितलीस? झालं का वर्ष?"

सावलीला अजून सहा मुठी जायचं होतं. तुंगेनं आईकडे बघितलं. आणि ती म्हणाली, "झालं."

तांडेलानं विचारलं नाही. सावली मोजणारीची मुलगी सांगतेय म्हटल्यावर कशाला विचारेल? दोघांनी मिळून द्वारकेला उचललं, होडीत ठेवलं. तांडेल दोर सोडायला वाकला. तुंगा आईच्या पायाशी बसली होती. ती उठली. बसली. पुन्हा उठली. आई याच शब्दासाठी घरदार सोडून गेली होती. वर्ष झालं, एवढंच तर तिनं म्हणायचं होतं.

"काका, थांबा," तुंगा म्हणाली. "झालेलं नाही. अजून सहा मुठी आहेत. मी खोटं बोलले."

तांडेलाचा हात दोरावर तसाच राहिला. "अजून तीन दिवस, पोरी. तिची ही अवस्था."

"माहितीय मला."

"निघालो असतो तर ऊन शिडात भरलं नसतं. इथंच अडकलो असतो, आणि मोजणी पहिल्यापासून."

"ते मला आठवलंच नाही," तुंगा म्हणाली. "मला फक्त आई दिसत होती." आणि ती ओक्साबोक्शी रडली.

त्यांनी द्वारकेला पुन्हा खाली नेलं. आणि मग ते तीन दिवस. बाळांनो, तसे तीन दिवस कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत. रेवू आणि तिची आई भुयाराच्या अगदी तळाशी गेल्या, जिथं पाण्याचा एकच झरा होता. सगळ्या चटक्याचं पिण्याचं पाणी तिथून यायचं. त्यांनी सगळ्या घरांना विचारलं, आणि प्रत्येक घरानं आपल्या वाटचा एक एक तांब्या दिला. त्या पाण्यानं तुंगा आईचं अंग पुसत बसली. बसली, हं. उठली नाही. फक्त दुपारी सावलीपुरती वर जायची. पहिल्या दिवशी चार मुठी राहिल्या. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी सावली दगडाला टेकली.

ती खाली आली तेव्हा आईचे डोळे उघडे होते. आवाज अगदी बारीक. "कुठवर आलीय?"

"दगडाला लागली, आई."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

"मग चल," द्वारका म्हणाली.

तांडेलानं दोर सोडला. शीड असं फुगलं की होडी दाणकन निघाली. ऊन पाठीशी होतं. जसजसा सूर्य मागं पडला तसतसा द्वारकेचा ताप उतरत गेला, आणि पाचव्या दिवशी मळईचा डोंगर दिसला तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि पेज मागत होती.

धक्क्यावर राजा उभा होता. होडी गेल्यापासून तो रोज यायचा म्हणे. त्यानं द्वारकेला हात देऊन उतरवलं. लोक जमले होते. राजा सगळ्यांसमोर म्हणाला, "द्वारकाबाई, चूक माझी झाली. लोकांचं बी माझ्यामुळं जळलं. पुन्हा तुमच्या सावलीच्या कामात मी बोलणार नाही."

द्वारका म्हणाली, "बोला महाराज. पण आधी मापा."

आता तुम्ही विचाराल, त्या गुंडोपंताचं काय झालं? राजानं त्यालाही एक वर्ष राज्याबाहेर पाठवलं. कुठल्या जगात, ते त्यालाच निवडायला सांगितलं. त्यानं चटका निवडला, दीड महिन्यात सुटेन म्हणून. सुटला, पण निम्मा होऊन आला, आणि त्यानंतर कधी उन्हात बसला नाही. भाच्यानं गाई राखायचं काम धरलं. ते त्याला चांगलं जमलं.

द्वारकेच्या अंगात ताकद यायला वेळ लागला. राजानं कोठारातलं बी वाटलं. पुढच्या वर्षी योग्य दिवशी पेरणी झाली आणि शेतं भरून आली. तुंगा काही शांत झाली नाही, ती तशीच राहिली. मोठी झाल्यावर धर्मा तांडेलानं होडीचं सुकाणू तिच्या हातात दिलं. ती चटक्यावर रेवूला भेटायला जायची, गारठ्यावर आजोबांच्या घरी जाऊन यायची. एकीकडे वर्ष संपता संपत नाही, दुसरीकडे सुरू होता होता संपतं, आणि हिचं आपलं जाणंयेणं चालूच. आई घरी वाट बघायची आणि ती यायची. सगळी खाऊन पिऊन सुखात राहिली.

झालं. गोष्ट संपली. आता तू परत उठून बसलीस ना? उद्या कधी होणार म्हणून विचारतेस? अगं, आपण ज्या जमिनीवर निजलोय ना, तीसुद्धा आत्ता फिरतेय, आपल्या सूर्याभोवती, आपल्या चालीनं. तुम्ही जागे राहिलात म्हणून ती पळणार नाही, आणि झोपलात म्हणून थांबायचीही नाही. मग कशाला जागायचं? मिटा डोळे. मी दिवा बारीक करते.